चार आण्याचं वजन

मला गाण्यातलं काहीही कळत नाही. तरी अख्ख्या जाफराबाद तालुक्यात नसेल असं एक टर्नटेबल काही वर्षं आमच्या घरात होतं, आणि त्याला कार्ट्रिज कुठलं लावायचं या प्रश्नाने माझं डोकं खाल्लं होतं. हा शौक असलेले लोक मी त्या निमित्ताने जवळून पाहिले. ते एकेका रेकॉर्डवर तास-तास बोलतात, आवाजाला मोकळा म्हणतात, गोड म्हणतात, आणि घरातल्या माणसाने जेवायला हाक मारली तर त्याच्यावर खेकसतात. मला त्यांच्यातलं व्हायचं नव्हतं. मला एकच रेकॉर्ड वाजवायची होती, तीही एकदाच. आणि ती होती सरकीच्या बियाण्याची जाहिरात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टर्नटेबलची जी दांडी रेकॉर्डवर फिरते, तिच्या टोकाला काडेपेटीहून लहान अशी एक डबी बसवलेली असते. ते कार्ट्रिज. डबीच्या पोटाशी सुई असते, सुई रेकॉर्डच्या खाचेतून जाताना थरथरते आणि त्या थरथरीचा पुढे आवाज होतो. आमच्याकडे लग्नात लाउडस्पीकर लावणारे या सगळ्या भानगडीला नुसतं ‘पिन’ म्हणायचे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तेही पिनच म्हणायचे.

अण्णांचं जाफराबादला लाउडस्पीकरचं दुकान होतं. शेतीही होती, पण शेतात ते पाहुण्यासारखे जायचे. केदारखेड्यापासून धावड्यापर्यंत कुठेही लग्न निघालं की भोंगे, आवाज मोठा करणारी मशीन, बॅटरी आणि रेकॉर्डची पेटी जीपच्या टपावर बांधून ते निघायचे. दोरीला गाठ अशी मारायचे की ती त्यांच्याशिवाय कुणाला सुटत नसे. मांडवात प्लेअर ठेवायला टेबल मिळालं तर नशीब, नाहीतर बाज. वऱ्हाडातली पोरं नाचायला लागली की बाज हादरायची आणि पिन उडायची. त्यावर आमच्या भागातल्या सगळ्या लाउडस्पीकरवाल्यांचा एकच इलाज होता. दांडीच्या टोकावर, बराबर पिनच्या वर, चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि चिकटपट्टीने डकवून टाकायचं.

“चार आणे ठिवले की पिन बिलकुल हालत न्हाई,” अण्णा अभिमानाने सांगायचे.

हलायची नाही हे खरंच. पण त्या वजनाखाली ती रेकॉर्ड खरवडत जायची, आणि लगीनसराई संपेपर्यंत रेकॉर्डचा काळा रंग जाऊन ती राखेसारखी पडायची. त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. नवी रेकॉर्ड मिळत होती.

आक्का माझी मोठी बहीण. दुकानातला माइक तपासायचं काम तिचं. ‘हॅलो, हॅलो’ करणं अण्णांना माकडचाळे वाटायचे, म्हणून ते आक्काला हाक मारायचे आणि ती चार ओळी गाऊन दाखवायची. एक्याऐंशी सालच्या आसपास जालन्याच्या एका बियाणे कंपनीचा माणूस भोंगे ठरवायला आला होता. तो आक्काचं ऐकून चहा गार होईपर्यंत बसून राहिला. आठवडी बाजारांतून त्यांची जीप फिरायची, तिच्यावर वाजवायला त्यांना गाणं हवं होतं. औरंगाबादला एका खोलीत भिंतींना गोणपाट लावून आक्काच्या आवाजात ते गाणं रेकॉर्डसाठी भरलं. अण्णा सोबत गेले होते. ‘पेरा गं बाई पेरा गं, ओंजळ भरून पेरा गं’ असलं काहीतरी. शब्द भिकार होते. दुसऱ्या कडव्यात वाणाचं इंग्रजी नाव आणि त्यापुढचा आकडा एका दमात म्हणायचा होता, आणि तिथे आक्काला हसू फुटलं. तिने ते गिळलं, श्वास घेतला आणि पुढे निघाली. भरणाऱ्याच्या ते ध्यानात आलं नाही की त्याला परत भरायचा कंटाळा आला, देव जाणे. बशीएवढी लहान रेकॉर्ड निघाली, आणि तिच्यात ते हसू तसंच राहिलं.

त्या हंगामात आमच्या घराला काय मिजास आली होती! जीप बाजारात आली की माय पिशवी घेऊन उगाच दोनदा बाजारात जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “जरा थांबा ना बाई. आता हासंल पाहा, माझी लेक सरकी इकून राह्यली.” आणि हसू आलं की सगळ्यांकडे बघायची, जणू तेही तिनेच जन्माला घातलं होतं.

पुढच्या वर्षी आक्काचं धावड्याला लग्न झालं. वर्षाच्या आत ती पोटुशी होती आणि तिला कावीळ झाली. सासरच्यांनी पाल्याचं औषध दिलं, पथ्य पाळलं, काविळीची माळ आणून गळ्यात घातली. त्या काळी सगळेच करत तेच त्यांनी केलं, म्हणून त्यांना तरी काय बोलायचं. ती माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते म्हणतात. माळ बेंबीपर्यंत लांबली. भोकरदनच्या दवाखान्याच्या फाटकाशी जीपमध्येच आक्का गेली, आणि पोटातलं लेकरूही. मी तेव्हा कॉलेजात नुकताच गेलो होतो. मला रडू आलं नाही, राग आला. सगळ्यांचा आला, तिचाही आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

ते पेरणीचे दिवस होते. तेरावंसुद्धा झालं नव्हतं. कंपनीच्या जीपवाल्याला कोण कळवणार? बाजाराच्या दिवशी जीप नेहमीसारखी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि आक्का गायला लागली. ओंजळ भरून पेरा गं. माय दारात सुपात ज्वारी पाखडत बसली होती. ती उठली आणि अनवाणी जीपच्या मागे चालायला लागली. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती चालत होती. लोक बाजूला होत होते. स्टँडजवळ अण्णा जीपच्या आडवे उभे राहिले. ड्रायव्हरला कुणीतरी सांगितलं तेव्हा त्याने हात जोडले. “मामा, मला काय ठावं?” तो म्हणाला, आणि त्याने मशीन बंद केली. गाणं नेमकं दुसऱ्या कडव्याच्या आधी बंद पडलं. माय तिथेच बसली.

दुकानात त्या रेकॉर्डच्या काही प्रती कंपनीने दिलेल्या होत्या. चार आण्याच्या वजनाखाली त्या सगळ्या राख झाल्या होत्या. एक कोरी राहिली होती. मायने ती आक्काच्या हिरव्या खणात गुंडाळली, अण्णांकडून वर गाठ मारून घेतली आणि ट्रंकेत ठेवली.

“ही वाजवायची न्हाई,” ती म्हणाली. “म्या सांगीन तव्हा. एकदाच.”

ट्रंकेची किल्ली देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला अडकवली. दिवाळीत साफसफाई करताना ती ट्रंक उघडायची, खणावरून हात फिरवायची, गाठ बघायची आणि झाकण लावायची. गाठ अण्णांची होती, म्हणजे ती निश्चिंत असायची.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कॅसेटी आल्या, रेकॉर्ड गेल्या. मला जालन्याला टेलिफोन खात्यात नोकरी लागली. अण्णांनी दुकान डेकोरेशनवाल्या पोरासोरांना देऊन टाकलं आणि जुना प्लेअर तेवढा घरी आणून मागच्या खोलीत ठेवला. तो विकतही नाहीत, वापरतही नाहीत, म्हणून मी चेष्टा करायचो. ते म्हणायचे, “असू दे. तुला खायला मागतो का?”

दोन हजारच्या आगेमागे मायचे कान जायला लागले. जालन्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, नस सुकत चालली आहे, इलाज नाही. कानातलं यंत्र दिलं. “भांड्याचा आवाज येतो, माणसाचा येत न्हाई,” म्हणून तिने ते डब्यात टाकलं. मग एका दुपारी मी सुट्टीवर आलो असताना ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, “आता लाव.”

मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं.

“उजव्या कानात अजून जरा हाये,” ती म्हणाली. “ते गेल्यावर लावतो का? जल्दी कर.”

अण्णांच्या प्लेअरवर ती रेकॉर्ड लावायची म्हणजे तिची कत्तल, एवढं मला कळत होतं. कोरी, एकुलती एक रेकॉर्ड. तिला सर्वात हलक्या हाताने वाजवेल असं काहीतरी हवं होतं. औरंगाबादच्या एका दुकानात मला ते टर्नटेबल मशीन-स्पीकरसकट मिळालं. एक म्हातारे डॉक्टर मुलाकडे परदेशी निघाले होते आणि जाताना ते दुकानात टाकून गेले होते. तवा परातीएवढा जड, बोटाने ढकलला की बराच वेळ आपला फिरत राहायचा. दांडीचं टोक मात्र रिकामं होतं. कार्ट्रिज डॉक्टरांनी सोबत नेलं होतं. आता बोला!

कार्ट्रिज निवडायला मी अण्णांना बरोबर नेलं. वाटलं, त्यांचा जन्म यात गेला, त्यांना बरं वाटेल. दुकानदार स्वतःला फार शहाणा समजणारा होता, पण माल दाखवायचा. त्याने काचेवर दोन डब्या ठेवल्या आणि भिंगातून बघायला लावलं. एकीच्या सुईचं टोक गोल, बोरूसारखं दणकट. दुसरीचं इतकं बारीक तासलेलं की मला आधी दिसलंच नाही.

“रेकॉर्ड किती वाजलेली आहे?” त्याने विचारलं.

“एकदाही नाही,” मी म्हणालो. “कोरी आहे.”

अण्णा वर पंख्याकडे बघत होते.

“कोरीच ना अण्णा?”

“तुझी माय म्हणती ना कोरी,” ते म्हणाले. “मंग कोरीच.”

दुकानदार म्हणाला, मग प्रश्नच नाही. जुनी, साधी रेकॉर्ड, त्यात कोरी. तिला गोल टोकच बरं. बारीक टोक नाजूक असतं, जरा हात चुकला की गेलं, आणि त्याची करामत वाजून वाजून खराब झालेल्या रेकॉर्डवर. मला ते पटलं. मधेच उसळणारी वीज, अण्णांचे थरथरणारे हात, माझा आडमुठेपणा, सगळ्याला पुरून उरेल असं गोल टोक मी घेतलं. दांडीचं वजन मापायला दुकानदाराने एक खेळण्यातला असतो तसा तराजू दिला. सुईवर चिमूटभर डाळीएवढं वजन द्यायचं होतं. अण्णांना त्याचं हसू आलं.

“येवढ्या वजनानं तर वाऱ्यानं उडंल पिन,” ते म्हणाले. परतताना एसटीत मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गाडी लागली असेल.

ठरलेल्या दिवशी मायने धुतलेलं लुगडं नेसलं. दुपारची जेवणं झाली होती. ती उजवा कान स्पीकरला जवळजवळ टेकवून बसली. अण्णांनी खणाची गाठ सोडली. मी रेकॉर्ड हातात घेतली, दारातल्या उजेडात तिरपी धरली, आणि मला तिच्यावर मधोमध एक फिकट पट्टा दिसला. धूळ असेल म्हणून मी पुसली. पट्टा गेला नाही. मी सुई टेकवली.

कढईत काहीतरी तळत असावं आणि त्यापलीकडच्या खोलीत कुणी गात असावं, असं ते आलं. पहिलं कडवं कसंबसं ओळखू आलं. दुसऱ्याला वाणाचं नाव सुरू झालं आणि पुढे जिथे ती हसते तिथे नुसती खरखर. तेवढीच जागा पार उकरल्यासारखी झाली होती.

माय मागे सरली. “हे काय लावलं रे? हे तिचं न्हाई.”

मी सुई उचलली. अण्णा उठून मागच्या खोलीत गेले आणि जुना प्लेअर घेऊन आले. तो त्यांनी आमच्या मध्ये जमिनीवर ठेवला. दांडीच्या टोकावर चार आण्याचं नाणं होतं. नाणं जुनंच होतं, पण वरची चिकटपट्टी नवी होती, अजून चकाकत होती.

मायला समजलं नाही. अण्णांनी सांगितलं ते तिला ऐकू गेलं नाही. मग त्यांना ते तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं. जन्मभर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या माणसाला भर दुपारी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडावं लागलं.

“मशीन कधी लावली न्हाई म्या! नुसती पिन! मशीन बंद असली तरी पिन बोलती, कान जवळ नेला की! तू किर्तनाला गेल्यावर काढायचो! लई बारीक येतो आवाज, म्हणून चार आणे ठिवल्ते! तेवढी हसायची जागा लावायचो, बाकीचं न्हाई!”

तो ओरडा थांबला. मला वाटलं, माय रेकॉर्ड फोडेल, किंवा त्यांना मारेल. तिने त्या नाण्याला बोट लावून पाहिलं.

“मंग मला कामून न्हाई बलावलं?” ती म्हणाली.

अण्णा ओरडले, “तू एकदाच म्हणल्ती!”

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेना. ताट वाढायची, पाणी द्यायची, तोंड भिंतीकडे. मी अण्णांवर फार संतापलो होतो. दुकानात नुसतं एक वाक्य बोलले असते तर? मी तसं त्यांना विचारलंही. “काय बोलू?” ते म्हणाले. इतक्या वर्षांत मायला, मला, कुणालाही न सांगता हा माणूस मशीन न लावता नुसत्या प्लेअरवर वाकून, पिनला कान लावून मुलीचं हसू ऐकत होता आणि ऐकता ऐकता पुसत होता. राग कुणाचा करायचा?

पण मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. जुनी पिनही गोल, मी आणलेली सुईही गोल. दोन्ही खाचेच्या एकाच उंचीवर घासत होत्या, जिथे खरवडून काही उरलं नव्हतं. बारीक टोक त्याहून खाली उतरलं असतं. मी अण्णांना ते शेतीच्या भाषेत सांगितलं, वखर वरवर फिरतो आणि नांगर खाली जातो, तसं. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा विचारलं, “खाली असंल?”

“असेल.”

“मंग आण ना.”

दुसऱ्या दिवशी मी औरंगाबाद गाठलं. ती डबी मधल्या काळात कुणीतरी घेऊन गेलं होतं. मागवावी लागेल म्हणाले. या शौकाचे लोक सांगतात तशी ती परदेशातून येते, आणि परदेशाला घाई नसते. पावसाळा गेला, कापूस वेचणीला आला. मी टेलिफोन खात्यातला माणूस, त्या दुकानाला मी किती फोन केले असतील ते विचारू नका. घरी गेलो की माय मानेनेच विचारायची आणि मी मानेनेच नाही म्हणायचो. आधी वाटलं, रागावली म्हणून बोलत नाही. मग एकदा मी तिच्या उजव्या कानामागे उभा राहून हाक मारली, मोठ्याने मारली, पुन्हा मारली. ती शेंगा निवडत राहिली.

डबी आली तेव्हा तिचे दोन्ही कान गेले होते.

लावायची की नाही, यावर मी आणि अण्णा ओसरीत कुजबुजत होतो. कुजबुजायची काही गरज नव्हती, पण सवय. माय आतून आली, माझ्या हातातली डबी पाहिली आणि जाऊन स्पीकरपुढे बसली. लुगडं बदललं नाही.

मी तराजूवर वजन मापलं. अण्णांनी आपले हात पाठीमागे धरून ठेवले होते. सुई टेकली, खाली उतरली, आणि आक्का आली. सगळी नाही, कडा झिजलेलीच होती. पण दाराआडून नव्हती, घरात होती. दुसरं कडवं लागलं. वाणाचं नाव, आकडा, मधेच फुटलेलं हसू, ते गिळलेलं, आणि मग तो श्वास. मी तो श्वास विसरून गेलो होतो. अण्णा सवयीने पिनकडे कान नेऊन वाकले.

मायने तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवला होता आणि ती आमच्या तोंडांकडे बघत होती.

“आली का?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

“हासली का?”

“हासली!” अण्णा ओरडले. मग ते ओरडून उपयोग नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी भिजल्या तोंडाने मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवत राहिले.

“बराबर,” माय म्हणाली. “मंग उचला ती पिन. झिजंल.”

मी म्हणालो, माय, या सुईने झिजत नाही. ते तिला ऐकू जाणार नव्हतं, आणि गेलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. अण्णांनीच दांडी उचलली. रेकॉर्ड खणात गुंडाळून त्यांनी गाठ मारली. मायने ट्रंक लावली, आणि या वेळी किल्ली खिळ्याला न अडकवता कनवटीला खोचली. तिसरं कडवं वाजायचं राहिलं होतं, ते तसंच राहिलं.